शिशाची बाई आणि तीनशे बारा शिपाई

जरा खाली बघा. खिडकीच्या कट्ट्यावर, कवळीच्या जुन्या साच्याशेजारी अंगठ्याच्या पेराएवढी जी बाई उभी आहे, ती मी. अंग शिशाचं, कमरेला दारूचं पिंप, अंगात निळं जाकीट. नेपोलियनच्या फौजेत तोफांच्या धुरातून हिंडून शिपायांना घोट पाजणाऱ्या बायका असत, त्यांतली मी एक. मला बाहुली म्हणाल तर याद राखा.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या मागच्या खोलीत झाला. पळीतलं तापलेलं शिसं साच्यात पडलं आणि दोन मिनिटांत मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, ती आजतागायत बसलेली नाही. रंगवलं मला त्याच्या बायकोनं. डोळ्यांची वेळ आली तेव्हा तिनं ब्रशला तीनच केस ठेवले आणि श्वास रोखला. तिचं नखसुद्धा माझ्या तोंडापेक्षा मोठं. एवढ्या मोठ्या बाईनं माझ्यासाठी, टिचभरही नसलेल्या जिवासाठी, श्वास धरून ठेवला. डोळे उघडल्यावर या जगात मी पहिलं पाहिलं ते हे. त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

पहिल्या मालकानं मला खोक्यात टाकलं आणि विसरला. त्याच्या मागे मुलांनी जुन्या बाजारात एका चादरीवर मांडलं. तिथे एका दातांच्या डॉक्टरांनी मला उचललं ते थेट उलटं केलं. या संग्राहकांची ही खोडच, तोंड बघायच्या आधी तळवे बघतात. माझ्या पायाखाली ओताऱ्याची खूण होती. डॉक्टरांनी ती ओळखली आणि घासाघीस न करता पैसे मोजले.

ओतारी केव्हाच गेला होता, साचे फुटले होते. त्यामुळे जे होते तेवढेच आम्ही, नवा एकही व्हायचा नव्हता. चाळीस वर्षांत डॉक्टरांनी त्याच्या हातचे तीनशे बारा शिपाई जमवले. दिवसा ज्या दिव्याखाली लोकांचे दात कोरायचे, त्याच दिव्याखाली संध्याकाळी, तसल्याच बारीक हत्यारांनी, आमच्या खाचांतली घाण काढायचे. फरक इतकाच की आम्ही ओरडत नसू.

महिन्यातून एका रविवारी लढाई. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या. समोर डॉक्टरांची थोरली बहीण, इस्पितळातली निवृत्त मोठी सिस्टर. ताईंची फौज प्लॅस्टिकची. माझे साबणानं धुता येतात, असं त्या डॉक्टरांना मुद्दाम ऐकवायच्या. मापपट्टीनं कूच मोजायचं, फासे टाकायचे, कोण पडला ते ठरवायचं.

टेबलाच्या उंचीवरून ते कधी पाहिलंय तुम्ही? माझ्यापुढे संगिनींचं रान उभं असायचं. वर ढगांच्या जागी दोन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे. फासे घरंगळू लागले की ते ढग खाली उतरायचे. ज्या माणसांनी खरी दुखणी, खरी मरणं हाताळली, ती एका शिशाच्या शिपायासाठी काळजीनं वाकायची. मला आकाश म्हणजे काय, ते तिथे कळलं.

नियमांच्या पुस्तकात मात्र मला आकडा नव्हता. बंदूकवाल्याला होता, घोडेस्वाराला होता, तोफेलाही होता. घोट पाजणारीला कोण मोजतो? डॉक्टर आपले मायेनं मला दुसऱ्या पलटणीमागे उभं करायचे आणि लढाई संपली की परत खिडकीत.

दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरांनी फौजेसाठी कपाट करवून घेतलं. ताजं, ओक झाडाचं लाकूड, काचेची दारं, फटींना रबराच्या पट्ट्या. धुळीचा कण आत शिरायचा नाही. प्रत्येकाला आकड्यानिशी जागा. मला आकडा नाही, तेव्हा जागाही नाही. मी खिडकीतून बघत राहिले आणि खोटं कशाला बोलू, जळलेही.

ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा महिने लढाई नाही. मग एक दिवस डॉक्टरांना शिपायांच्या बुटांवर पांढरी पूड दिसली. त्यांना वाटलं, ओल. पुसली आणि पट्ट्या दुप्पट केल्या. पूड गुडघ्यांपर्यंत चढली, मग तोंडांवर. डॉक्टर कपाटासमोर खुर्ची टाकून बसू लागले. ताईंचा फोन आला की सर्दी सांगायचे.

तिसऱ्या सर्दीला ताई काठी टेकत थेट दारात. कुणाशी न बोलता त्यांनी कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"यात व्हिनेगर ठेवलंयस का?"

"हात लावू नकोस ताई. माझ्या हातून गेले सगळे."

ताईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मला उचलून उजेडात धरलं. "ही तर ठणठणीत आहे. हिला कुठे ठेवतोस?"

"खिडकीत. तिला कपाटात जागा नव्हती."

"अरे, मग दुखणं यांचं नाही, खोलीचं आहे. लाकडाची आंबूस वाफ कोंडलीस तू. जितकं घट्ट लावलंस, तितकं त्यांना खाल्लं तिनं."

डॉक्टरांनी दाराची रबराची पट्टी ओढून काढली. मग म्हणाले, "जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो."

तीन आठवडे त्या घरात इस्पितळ लागलं. शिशाची पूड विषारी, म्हणून ताईंनी हातमोजे आणि मास्क सक्तीचे केले. मऊ ब्रश, शुद्ध पाणी, एकेक शिपाई. दोघं बहीणभाऊ शेजारी बसून इतक्या हलक्या हातानं पुसत होते की बघताना माझ्या अंगावर काटा आला. शिशाच्या अंगावर.

दोनशे एकाहत्तर जसेच्या तसे वाचले. एक्केचाळिसांची तोंडं गेली, नाक नाही, डोळे नाहीत, नुसता खडबडीत गोळा. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी डबा आणला. हे आता मांडण्यासारखे नाहीत, म्हणाले.

ताईंनी डबा बाजूला सारला. "तोंड नाही म्हणून वॉर्डातून मी कुणाला काढलेलं नाही."

पुढच्या रविवारी ते एक्केचाळीस जण पहिल्या रांगेत उभे होते. खांद्यावर बंदुका, मान ताठ. चेहरा गेला तरी चालीत तसूभर फरक नाही. ताईंनी फासे उचलले, त्या रांगेकडे पाहिलं, आणि टाकायच्या आधी नव्या गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या. मग डॉक्टरही उठले.

आता फौज पत्र्याच्या उघड्या मांडणीवर असते. धूळ बसते, डॉक्टर झटकतात. माझा निळा रंग उन्हानं विटत चाललाय, विटू दे. तुमच्या हाती आमच्यातलं कुणी आलं तर एवढंच करा. आम्हाला वारा लागू द्या आणि अधूनमधून टेबलावर उतरवा. आम्ही पडायला तयार आहोत.