टाकीचं वाक्य

शब्दवाल्या मॅडमना शब्द शिकवायची फार हौस. दिवसा कॉलेजात नोकरी, आणि वर पुन्हा मोबाइलवर हा घरचा उद्योग. वय उलटून गेल्यावर कॉलेजात शिरू पाहणारी मंडळी त्यांच्या ग्रुपवर होती: बेकरीवाला, रुग्णालयातली आया, गोदामातला हमाल. पुस्तकं इंग्रजीत, आणि त्यातले जड शब्द बघूनच ही मंडळी पुस्तक मिटून ठेवायची. मॅडम रोज सकाळी एक शब्द बोलून पाठवायच्या. आधी एका क्लिपमध्ये शब्द आणि त्याचा अर्थ. मग दुसऱ्या, अगदी छोट्या क्लिपमध्ये नुसतं वाक्य, पुन्हा पुन्हा ऐकता यावं म्हणून. आणि नियम एकच: ज्याने त्याने ते वाक्य स्वतःच्या आवाजात परत पाठवायचं. ग्रुपवर दिवसभर एकच वाक्य निरनिराळ्या घशांतून येत राहायचं.

वाक्य ओळखीच्या गोष्टीचं असलं की शब्द डोक्यात पक्का बसतो, असं मॅडमचं मत. त्या दिवशीचा शब्द होता कॉन्टॅमिनेटेड, म्हणजे दूषित. पाण्याचं वाक्य हवं होतं. खिडकीतून टेकडीवरची टाकी दिसत होती. ती वस्तीत कुणाला दिसत नाही? मॅडमनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "द वॉटर इन द टँक इज कॉन्टॅमिनेटेड. डू नॉट ड्रिंक इट."

सासरे समोरच चहा पीत होते. त्या टाकीचे राखणदार तेच. पंप चालू करायचा, बंद करायचा, पाणी शुद्ध करायचं औषध मोजून सोडायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. इंग्रजीचा गंध नव्हता, पण सुनेचं इंग्रजी ऐकायला रोज कौतुकाने बसायचे.

"टँक म्हणालीस ना गं? काय म्हणालीस टाकीबद्दल?"

"काही नाही हो बाबा, धडा आहे. आज तुमच्या टाकीला वाक्यात घेतलं."

"घे की," म्हातारा खूश झाला. "तेवढंच नाव होईल तिचं."

झालं बरं नाव.

दुपारी स्टाफरूममध्ये कारकूनबाईंनी मोबाइल पुढे केला. "ऐकलंत का हे? सगळीकडे फिरतंय." खाली कुणीतरी लिहिलं होतं, प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरबाईंचा आवाज, दाबून टाकायच्या आत सगळ्यांना पाठवा. कारकूनबाईंनी बटण दाबलं आणि मॅडमना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

तो आवाज माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी जाईल, पोलीस येतील, वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं एकदम डोक्यात गर्दी करून आलं. चार शहाणपणाच्या गोष्टी रोज सांगणारी ही बाई टेबलाची कड धरून गप्प उभी राहिली.

"किती छान बोलतात हो," कारकूनबाई म्हणाल्या. "म्हणजे खरंच असणार. आमच्या गल्लीतली सगळी टाकीकडे निघालीत. तो राखणदार म्हातारा आहे ना, त्यानेच काहीतरी कालवलंय म्हणतात. आज त्याची काही धडगत नाही."

तेव्हा मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, पहिलीपेक्षा फार मोठी. त्यांनी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पंप सुरू असला की त्यांना फोन ऐकू येत नसे. नवरा परगावी कामाला. पोलिसांना लावला, तर बघतो म्हणाले. जिना उतरता उतरता त्यांनी ग्रुपवर आपल्या साध्या भाषेत लिहिलं, हा धडा होता, पाणी चांगलं आहे, कृपा करून सगळ्यांना सांगा. उत्तर आलं ते आयाबाईंचं: "मॅडम, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

इंग्रजीतली अफवा गावभर हिंडत होती, आणि खुलासा मात्र दारातच अडला होता.

रिक्षा टेकडीच्या पायथ्याशीच थांबली. पुढे माणसंच माणसं. मॅडम जीव मुठीत धरून त्या गर्दीत घुसल्या. पंपाच्या खोलीचं दार आतून बंद होतं. खिडकीची काच फुटलेली होती आणि एकजण लोखंडी पहार घेऊन कडी उचकटत होता. त्याला कुणी थांबवत नव्हतं. आत बाबा होते. पंप बंद झाला होता, आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि त्याचीच मॅडमना जास्त धास्ती वाटली.

त्या दारापुढच्या पायरीवर चढल्या. "तो आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी शिकवते. ते नुसतं वाक्य आहे."

"ही त्याची सून आहे," पहारवाला म्हणाला. "सासऱ्याला वाचवायला हेच बोलणार."

"प्रयोगशाळेतल्या बाई खोट्या, आणि तुम्ही खऱ्या?" मागून कुणीतरी म्हणालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण गर्दीला ते पटलं. पहार पुन्हा कडीत शिरली.

मॅडमना काय सुचलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पुढच्या रांगेत बेकरीवाला दिसला, पिठाच्या हातांनी तसाच आलेला. त्याच्यामागे आयाबाई. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि सकाळच्याच आवाजात, सकाळच्याच संथपणे म्हणाल्या, "द वॉटर इन द टँक इज कॉन्टॅमिनेटेड. डू नॉट ड्रिंक इट."

गर्दी चिडीचूप झाली. हा तोच आवाज होता, यात कुणाला शंका राहिली नाही. पण त्याने काय होणार होतं? क्षणभर मॅडमना वाटलं, आपण आगीत तेलच ओतलं.

मग बेकरीवाल्याचे ओठ हलले. सवयच ती. मॅडमनी वाक्य म्हटलं की आपण म्हणायचं. "द वॉटर इन द टँक," तो पुटपुटला. आयाबाईंनी ते पूर्ण केलं. मागून हमालाचा जाडाभरडा आवाज आला.

"कालचं," मॅडम म्हणाल्या. "द प्राइस ऑफ ब्रेड फ्लक्चुएट्स."

पावाचा भाव वरखाली होतो, तेही तिघांनी म्हटलं, बेकरीवाल्याने जरा जास्तच जोरात. "शब्दाचा वर्ग आहे हो," तो गर्दीकडे वळून म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली. "मॅडम, आवाज मी ओळखला होता. पण वाटलं, घरातलाच माणूस टाकीवर आहे, तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं असणार, म्हणून धड्यातून सावध केलंत."

मॅडम दाराकडे वळल्या.

पहार खाली आली. मॅडमनी दार ठोठावलं, हाका मारल्या, तेव्हा कुठे आतली कडी निघाली. बाबांच्या कपाळावर काच लागली होती, आणि पंपाच्या मागे बसून बसून कपडे ओले झाले होते. त्यांच्या मागच्या नळाखाली मॅडमनी लोटा धरला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायल्या. माणसं हळूहळू पांगली. माफी कुणी मागितली नाही. खाली दुकानात बाटलीच्या पाण्याला मात्र संध्याकाळपर्यंत रांग होती.

रात्री जेवायला बसल्यावर मॅडमनी बाबांपुढे पेला ठेवला. कपाळावर पट्टी बांधलेले बाबा जेवले, पण पेल्याला हात लावला नाही. मग तो उचलून दिव्याकडे धरला आणि कितीतरी वेळ त्यातून आरपार बघत राहिले.

"बाबा, तो धडा होता. मीच बोलले होते."

"ठाऊक आहे गं."

"मग पीत का नाही?"

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "आत बसलो होतो ना, तेव्हा बाहेर सगळे एकच म्हणत होते. एवढी माणसं. मग मलाच वाटायला लागलं, आज माझ्याकडून औषध सोडायचं राहिलं तर नाही? आठवून बघतो, तर आठवतच नाही." त्यांनी कपाळावरची पट्टी चाचपली. "उकळून दे बाई आजचा दिवस."

मॅडमनी पातेलं गॅसवर चढवलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. नवऱ्याचा निरोप असेल म्हणून त्यांनी घाईने बटण दाबलं. ग्रुपवरची कुणी मुलगी होती, कामावरून आत्ताच सुटलेली, दिवसभरातलं काहीच न वाचलेली. तिने नियमाप्रमाणे गृहपाठ पाठवला होता. एरवी अडखळायची, पण आज एकही चूक नव्हती.

"द वॉटर इन द टँक इज कॉन्टॅमिनेटेड."

बाबांना त्यातला एकच शब्द कळला. त्यांनी बोटाने पेला हळूच आणखी दूर सरकवला.