मेंढवाड्यातली मणिमाळ

या बाळांनो, या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरका. सप्ताहात बुवा आख्यान लावतात तेव्हा तुम्ही कसे मांडीला मांडी लावून बसता, तसेच बसा. आज मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. त्यात दात आहेत, काठी आहे, रक्त आहे. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा. पण मधूनच उठून जाऊ नका, कारण त्या रक्तातून चालत आलेली एक माउली तुम्हाला भेटायची आहे.

मी एक जुनी मणिमाळ आहे. बोरीच्या शिवारात मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथल्या शाळेत मी असते. पहिलीच्या वर्गाला बबिताबाई शिकवत. फळ्यावरची बेरीज पोरांच्या डोक्यात उतरेना, तेव्हा बाई पालकांना म्हणाल्या, "आकडा आधी हाताला लागू द्या, मग तो डोक्यात शिरतो. घरात असेल ते आणा." कोणी चिंचोके आणले, कोणी बाटल्यांची झाकणे. चंदाच्या आईने, भिवराबाईने, मला आणले.

मेलेल्या एडक्याच्या गळपट्ट्यातून तिने दहा कवड्या सोडवल्या. दहा काळ्याभोर रिठ्याच्या बिया तापल्या दाभणाने टोचल्या. मग मांडीवर लोकर वळून दोरी केली आणि मला ओवले. मित्रांनो, लोकरीची दोरी खरबरीत असते. मणी जिथे सरकवावा तिथेच तो थांबतो, घरंगळत नाही. म्हणून तर बाई म्हणत, "हिच्यासारखी माळ दुकानात मिळायची नाही."

काय दिवस होते ते! पोरे गोल बसायची. पाच कवड्या डावीकडे, चार रिठे त्यांना भेटायला; सगळे मिळून किती? चिमुकली बोटे माझ्यावरून फिरायची. कोणी चुकले तर बाई रागवत नसत. "परत सरकव, तीच सांगेल," असे म्हणत. आणि जो अडलेले गणित सोडवी, त्याच्या गळ्यात त्या दिवशी मी घरी जाई.

एके दिवशी वजाबाकी आली. बाई परभणीच्या, शहरात वाढलेल्या. मेंढपाळांच्या पोरांना ओळखीचे उदाहरण द्यावे म्हणून त्या म्हणाल्या, "आठ कोकरं पाण्यावर गेली. लांडग्याने तीन नेली. किती उरली?"

पोरे एकमेकांकडे बघू लागली. चंदाने आठ कवड्या मुठीत घट्ट धरल्या.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"अगं, खोटी खोटी कोकरं ती!"

"खोटी असली तरी न्हाई."

वर्गातला महारुद्र मागून खिदळला, "लांडगा का तुला इचारून नेणार हाय व्हय?"

सगळे हसले. चंदाचे कान लाल झाले. तिने एकेक कवडी अशी सरकवली, जणू तिच्या तोंडातला दातच कोणी काढत होते. तीन गेल्या. "पाच," ती म्हणाली. बाईंनी तिची पाठ थोपटली आणि मला तिच्या गळ्यात घातले.

दिवेलागणीला ती मेंढवाड्यात पोचली. तिचा बाप भुजंग कोकरांना आत घेत होता. त्याने कधी जनावरे मोजली नाहीत. प्रत्येकाचे तोंड त्याला ठाऊक होते. चंदाला दम कुठला! "बापू, आज म्या गणित केलं. लांडग्यानं तीन नेली, पाच राह्यली!"

थाडकन आवाज आला. चंदा माझ्यासकट लेंड्यांच्या ढिगावर पडली.

"सांजच्या पारी त्याचं नाव काढतीस? मेंढवाड्यात उभी राहून?" भुजंग ओरडला. मेंढपाळ त्या जनावराला संध्याकाळी नावाने बोलवत नाहीत. नाव घेतले की ते ऐकते, अशी त्यांची समजूत.

आणि मित्रांनो, त्याच सांजेला ते आले.

दोघे होते. वाड्याभोवतीच्या जाळीच्या खालच्या अंगाने आत शिरले. मी चंदाच्या गळ्यात, चंदा आईच्या कुशीत. एका मेंढीचा गळा फाटला तेव्हा गरम रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या, खाली कोकरे चिरडली. भुजंगाने काठी घालून एकाचा जबडा फोडला. दुसऱ्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. तो पडला नाही. ओरडत, शिव्या देत काठी फिरवत राहिला, तेव्हा कुठे ते अंधारात पांगले. चार मेंढ्या मेल्या, तीन कोकरे मेली. भुजंग मेलेल्या कोकरांपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने मान वर करून चंदाकडे पाहिले. त्या नजरेपेक्षा लांडग्याचे दात बरे.

सकाळी पोटरीला फडके बांधून तो लंगडत शाळेत आला. चंदाला त्याने दंडाला धरून ओढत आणले होते.

"ओ बाई! बाहीर या! लांडग्याला आवतन देता का माझ्या पोरीच्या तोंडून?"

"भुजंगराव, ऐका तरी. मला ठाऊक नव्हतं..."

"ठावं न्हाई तर शिकवता कामून?"

काठी उठली. ती बाईंच्या डोक्यावरच उतरली असती. पण मागून धावत आलेल्या भिवराबाईने मधे हात घातला. मित्रांनो, वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. काठी नव्हती मोडली.

भुजंगाने काठी खाली घेतली. पण लाजेला वाट मिळाली नाही की तिचाच राग होतो. त्याने चंदाच्या गळ्यातून मला हिसकले. तिच्या मानेवर लोकरीचा वळ उठला, माझी दोरी तुटली, मी फरशीवर विखुरले. त्याने टाचेने मला रगडले. कवड्या कटाकट फुटत होत्या आणि वर्गातली पोरे तोंडावर हात दाबून बघत होती.

"आजपासून पोरगी शाळंत न्हाई. मेंढरामागं जाईल," तो म्हणाला आणि गेला.

तेव्हा भिवराबाई खाली बसली. मोडका हात मांडीवर, दुसऱ्या हाताने ती एकेक मणी वेचू लागली. "बाई, माळ हाय ही. तुळशीची असू नाही तर कवड्यांची, पायदळी ठिवू नाही," असे पुटपुटत तिने मला ओटीत घेतले. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती सप्ताहातले एकही कीर्तन चुकवत नसे.

बाईंनी तिला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, तर ती म्हणाली, "दगडावर पडले."

"पडल्या नाहीत," बबिताबाई म्हणाल्या. "मारलंय. तसंच लिहा."

"नवरा हाय ओ माझा."

"म्हणून खोटं बोलायचं? तुम्ही माझं डोकं वाचवलंत. आता स्वतःला वाचवा."

भिवराबाईने आपल्या मोडक्या हाताकडे पाहिले. मग डॉक्टरांना म्हणाली, "लिवा. मालकानं काठी मारली. अन् हेबी लिवा, की म्या मधी गेले, माझ्या पायानं."

ती परत आली तेव्हा मेंढवाड्यात आकांत मांडला होता. ज्यांच्या आया मेल्या ती कोकरे दुधासाठी ओरडत होती. ज्यांची पिल्ले मेली त्या मेंढ्यांची कास तटतटली होती, पण परक्या पिलाला त्या लाथ मारत होत्या. अशा वेळी मेलेल्या पिलाचा वास पोरक्या कोकराच्या अंगाला चोळून ते त्या मेंढीला लावायचे असते, म्हणजे ती त्याला आपले समजून पाजते. हे काम भिवराबाईचे. तिच्याच हातून ते होई. तो हात आता पांढऱ्या पट्टीत बांधला होता.

चंदाने आईच्या ओटीतून मला काढले आणि मातीवर मांडू लागली. भुजंगाने पाहिले.

"पुन्ना मोजायलीस?" त्याचा हात वर गेला.

चंदा पळाली नाही. बसल्या जागीच डोके खांद्यात घालून म्हणाली, "मोजत न्हाई, बापू. जोड्या लावायले. कवडी म्हंजी पोरकं कोकरू. रिठा म्हंजी पिल्लू गेलेली मेंढी. ह्याला ही. ह्याला ही. ह्याला ही." तीन कवड्यांना तीन रिठे मिळाले. एक कवडी एकटीच उरली. "ह्याला कोणच न्हाई."

भुजंगाचा हात तसाच वर राहिला.

बाजेवरून भिवराबाईचा आवाज आला. मोठा नव्हता. "आवो, ते जनावर पोरीच्या तोंडातून न्हाई आलं. जाळी खालून फाटली व्हती. म्या सांगायले व्हते, तुमी ऐकायलेच नव्हते. आता मारायचं आसंल तर दुसरा हात हाय अजून. पण पोरीला लावायचा न्हाई."

तो हात खाली आला. चंदाच्या अंगावर नाही, मातीवर. त्याने ती एकटी कवडी उचलली, तळहातावर धरली आणि हा मोठा बाप्या हुंदके देऊन रडला. रडणे संपल्यावर एवढेच म्हणाला, "ह्याला शेळीला लाव. चल, दावतो कसं लावायचं ते."

जाळी त्याने त्याच दिवशी शिवली. पुढे माझ्यासाठी लोकरही त्यानेच वळली, कारण वळणारा हात आता वळत नव्हता. दोरी ओबडधोबड झाली आहे; बघा, इथे गाठही आली आहे. ती घेऊन तो चंदाला शाळेच्या दारापर्यंत सोडायला आला. बाईंपुढे त्याने काठी जमिनीवर आडवी ठेवली. बाईंनी "असू द्या" म्हटले नाही. "उद्या वेळेवर पाठवा," एवढेच म्हणाल्या. मला ते आवडले. फुटलेल्या कवड्या क्षमेने सांधल्या जात नाहीत.

आता माझ्यात पूर्ण वीस मणी नाहीत. तरी माझ्यावर बेरीज होते, वजाबाकीही होते; फक्त बाई आता उदाहरणात कोकरांऐवजी बोरे देतात, आणि ती खाणारी पोरेच असतात. मित्रांनो, मला हळू हाताळा. ज्या वस्तूवर तुम्ही शिकता, तिला पायाखाली घेऊ नका. आणि ज्याच्यावर तुमचा हात उठेल, तो तुमच्यापेक्षा लहान असेल तर आधी तो हात आपल्याच छातीवर ठेवा. आत काय वाजते ते ऐका.

शेवटी एकच मागते. भिवराबाईचा हात वाकडाच जुळला. डोक्यावर घागर घेता येत नाही. टाळ वाजवायला गेली की एक टाळ दुसऱ्याला भेटत नाही, म्हणून कीर्तनात ती आता मांडीवर ताल धरते. तुम्ही पहिल्यांदा बोटे पुढे करून दोन आणि तीन मिळवाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या माउलीची आठवण ठेवा. तिला स्वतःला बेरीज येत नाही. तिने फक्त मधे हात घातला.