धोंड्याला फुटलेलं पाणी

मी एक जुना काळा धोंडा आहे. माण तालुक्यातल्या उघड्या माळावर बसून आहे. जमिनीच्या पोटातल्या तापलेल्या रसातून माझा जन्म झाला, म्हणून माझा रंग असा. मित्रांनो, आजवर माझ्याकडे तोंड करून कुणी बसलं नाही. सावलीला यायचे आणि पाठ टेकायचे. मेंढपाळ ज्ञानू आणि त्याची बायको हौसा तर रोजचीच.

दिवाळीच्या सुमारास सांगलीच्या विश्रामबागेतून ब्राह्मी आली. कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिला दगडांचे फोटो हवे होते. ती पालथी झोपली, तेव्हा मी म्हणे डोंगराएवढा दिसलो. आरशाने तिने माझ्या अंगावर उन्हाची तिरीप पाडली. एक मेंढी माझ्यापुढे उभी करायला गेली, तर मेंढीने तिचीच ओढणी चघळली. मी मनातून सुखावलो, खोटं कशाला सांगू?

ज्ञानू आणि हौसा मेंढरं घेऊन ओढ्याकडे गेल्यावर तिने बाटलीतलं पाणी माझ्या भेगेत ओतलं. माझा रंग उजळला, भेगेतून धार ओघळली आणि तिने नेमका तोच फोटो काढला. घरी गेल्यावर कौतुकाने तो ज्ञानूच्या मोबाइलवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानू मोबाइल हातात धरून माझ्यापुढे उभा राहिला.

"हौसे, ह्यो बघ. धोंड्याला पाणी फुटलंय. खाली झरा हाय."

"मग आता कोरडा कसा? त्या पोरीला इचारा की."

"इचारायचं काय? फोटो खोटं बोलतोय व्हय? औंदा मेंढरं जगवाया कृष्णाकाठाला जायाचं न्हाई. आपल्या पोरीची शाळा तरी बुडायची न्हाई."

बाकीचे कळप नदीकाठी गेले. ज्ञानू माझ्या पायाशी पहारीने खणत राहिला. माझ्यात थेंबही नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण दगडाला तोंड कुठलं? खड्डा कमरेइतका झाला, तोवर ओढा आटला. एक गाभण मेंढी माझ्याच सावलीत मेली. तेव्हा मला त्या फोटोची शिसारी आली.

मग एके दिवशी ब्राह्मी आली. फोटोला बक्षीस मिळालं होतं आणि ज्ञानूसाठी तिने तो चौकटीत बसवून आणला होता. खड्डा कशाचा, ते हौसाने सांगितलं आणि ब्राह्मीचं तोंड उतरलं.

"दादा, ते पाणी मी ओतलं होतं. बाटलीतलं. रंग उठून दिसावा म्हणून."

ज्ञानू खड्ड्यातून वर आला नाही. तिथूनच म्हणाला, "सगळी बाटली ओतली व्हय, ताई?"

ब्राह्मी रडू लागली. हौसाने तिला जवळ घेऊन गप्प केलं. मग हौसा खोपीकडे गेली आणि कृष्णाकाठाला निघायचं म्हणून आपल्या पोरीचं दप्तर घोड्यावरच्या बोजात बांधू लागली.

मित्रांनो, माझे फोटो खुशाल काढा. वाकून काढा, झोपून काढा. फक्त मी कोरडा आहे, तो कोरडाच दिसू द्या. माझ्याकडे बघून इथे कुणीतरी आपल्या लेकरांचं वर्ष ठरवत असतं.