नवा म्हणून लावलेला राउटर

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो; पण इथे ते सांगायची मला चोरी आहे. जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका गावातल्या वाचनालयाच्या छताला मी टांगलेला आहे आणि सरकारदरबारी मी अगदी कोरा करकरीत आहे.

माझी उमेदीची वर्षे एका शाळेत गेली. मुलांचे धडे, चित्रफिती, परीक्षेआधीची धांदल, सगळे माझ्यातून जायचे. आलेल्या पाहुण्यांना मुख्याध्यापिका कौतुकाने मला दाखवायच्या. पुढे मी तापून मध्येच बंद पडू लागलो आणि यशपालदादांनी मला उतरवले. आता भंगार, अशी मी मनाची तयारी केली होती. दादांनी मात्र मला पुसून नवे कवच चढवले आणि इथे आणले.

शाळा-वाचनालयांत इंटरनेट बसवून देणारी दादांची छोटी कंपनी आहे. पैसा सरकारी योजनेचा, त्यामुळे नियम कडक. यंत्र नवेच हवे, आणि बसवणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने ते स्वतः उघडून बघायला हवे. याला इथे फिअर-आउगेन-प्रिन्त्सिप म्हणतात, म्हणजे चार डोळ्यांचा नियम. दोन डोळे दादांचे आणि दोन त्यांच्या हाताखालच्या सुगतचे.

सुगत विदर्भातून इथे शिकायला आला, तेव्हा त्याला घ्यायला स्टेशनवर दादाच गेले होते. खोली मिळेना म्हणून त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळ्यांच्या पंगतीत बसवले. हे मी त्याच्या बायकोकडून, प्राचीकडून ऐकले; ती इथल्या ग्रंथपाल फ्राऊ लेंट्सना सांगत होती. अशा मोठ्या भावाचे काम उघडून तपासायचे म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असे सुगतला वाटायचे. मला बसवले त्या दिवशी त्याने शिडी आणली होती.

"राहू दे रे, मी पाहिलंय सगळं," दादा म्हणाले.

सुगतने शिडी भिंतीला टेकवली आणि यंत्र स्वतः तपासल्याच्या कागदावर सही केली. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते उगीच नाही. मी वरून बघत होतो, पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

पुढचे काम सुगतच्या लेकीच्या, ईप्सिताच्या शाळेत होते. त्या कामावर त्याचा फार जीव होता. पापा आमच्या शाळेत इंटरनेट लावणार, असे तिने वर्गभर सांगून ठेवले होते. इथे आली की माझ्याकडे बोट दाखवून मैत्रिणींना म्हणायची, हा पण माझ्या पापांचा आहे. त्या पोरींच्या कौतुकाने मला कसेसेच व्हायचे. माझे अंग पुन्हा तापू लागले होते.

मी वरचेवर बंद पडू लागलो. फ्राऊ लेंट्सनी तक्रार केली आणि सरकारी तपासनीस बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, चष्मा पुसत राहणाऱ्या. स्वतः शिडी चढून त्यांनी माझे कवच उघडले. आत माझ्या जन्माचे साल कोरलेले आहे. ते वाचून त्या सावकाश उतरल्या आणि सुगतला विचारले, तुम्ही हे स्वतः पाहिले होते का?

दादा हळूच मराठीत म्हणाले, "पाहिलं होतं, म्हण. बाकी मी निस्तरतो."

सुगतचा चेहरा पांढरा पडला. त्याने आधी दादांकडे बघितले, मग बाईंकडे. "नाइन," तो म्हणाला. नाही. "मी शिडी चढलोच नाही."

मित्रांनो, खरे बोलला म्हणून तो सुटला नाही. सरकारने बंदी कंपनीवर तर घातलीच, पण त्या दोघांवरही नावानिशी घातली. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा-वाचनालयांच्या इंटरनेटला आता त्यांनी हात लावायचा नाही, कंपनी बदलली तरी नाही. दादांनी दुसरा धंदा धरला. ईप्सिताच्या शाळेचे काम परक्या माणसांकडे गेले. आणि चौकशी मिटेपर्यंत नवा राउटर मंजूर होईना, म्हणून मी तसाच लटकत राहिलो.

आज ईप्सिताचा अख्खा वर्ग इथे आला होता. मदतीला पालक होते, त्यांत सुगतही. मुले माहिती शोधत असतानाच माझा श्वास कोंडला आणि सगळे पडदे थिजले. फ्राऊ लेंट्स हतबल झाल्या. माझी जाळी धुळीने भरली आहे. ती झाडली की मी थोडा वेळ तग धरतो, हे सुगतला ठाऊक आहे.

"पापा, माख डू डॉख," ईप्सिता म्हणाली. तुम्हीच करा ना.

"मला परवानगी नाही, बाळा."

"वारूम?" तिने विचारले. का नाही?

"न बघताच मी बघितलं असं सांगितलं होतं," तो मराठीत म्हणाला. तिला मराठी समजते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जुनेच म्हणा आणि झेपेल तेवढेच काम द्या. आपल्या माणसाचा मान जरूर राखा, पण त्याच्यापायी डोळे मिटू नका. माझा दिवा आता लाल झाला आहे. खाली सुगत लेकीला कोट घालतो आहे. एरवी माझ्याकडे बोट दाखवणारी ती पोर मैत्रिणींकडे पाठ करून उभी आहे.