भूकंप मी केला नव्हता

मित्रांनो, पंखा म्हटला की तुम्ही लगेच छताकडे बघता. मला बघायचं तर टेबलाखाली वाकावं लागेल. मी संगणकाच्या डब्यात बसणारा पंखा आहे, आता चांगलाच जुना झालोय. अंगाने तळहाताएवढा, पाती सात. कुणाला वारा घालून झोप लावणं हे माझं काम नव्हे. बाहेरची गार हवा आत ओढायची आणि डब्यातल्या तापलेल्या भागांवर सोडायची, एवढंच काम. त्याच डब्यात मागच्या बाजूला माझा एक भाऊ होता. तो आतली गरम हवा बाहेर फेकायचा. आम्ही दोघे वर्षानुवर्षं एका घरात राहिलो, पण त्याने माझं तोंड कधी पाहिलं नाही.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवरच्या कागदावर लिहिलेलं आहे, पण स्वतःची पाठ कुणाला दिसते? मला आठवतं ते नांदेडमधलं एक दुकान. तिथे देविदास नावाच्या कारागिराने मला डब्यात बसवलं. मला चार स्क्रू लागतात. त्याच्या हाताला दोनच लागले. "दोनावर बी बसतंय की," असं म्हणून त्याने झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, आम्ही लातूरला निघालो.

हे साल २००२. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या निघत होत्या. रेणापूर, जळकोट, देगलूर, पार नांदेडहूनसुद्धा मुलं-मुली ट्रंका घेऊन यायची आणि बारावीपर्यंत तिथेच राहायची. बसलिंगप्पा सरांचा रसायनशास्त्राचा क्लास अशाच एका गल्लीत होता. एक मोठा हॉल, प्लायवूडची एक भिंत आणि भिंतीपलीकडे लहानसं ऑफिस. ऑफिसात आमचा डबा त्या प्लायवूडला टेकून ठेवला. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, हॉलमध्ये, सरांच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या ढाली आणि कप मांडलेले होते.

संगणक चालवायला सिंधु होती. एकोणीस-वीस वर्षांची, बोलायला कमी आणि टाइप करायला वाऱ्यासारखी. रसायनशास्त्रातले ते खालचे बारीक आकडे आणि वरचे अधिक-उणे ती न बघता टाइप करायची. पहिल्या दिवशी तिने डब्यावर हळद-कुंकू वाहिलं. त्यातली चिमूटभर हळद मीच आत ओढली. माझ्या पोटात गेलेली ती पहिली धूळ. पण ती मानाची होती, म्हणून मी तिला धूळ समजत नाही.

खरी धूळ नंतर आली. समोरच मुलींचं वसतिगृह बांधायला घेतलं होतं. दिवसभर फरशी कापायचं यंत्र किंचाळायचं आणि पांढरा धुरळा खिडकीतून सरळ माझ्यापाशी यायचा. शिवाय सर दिवसाला खडूचा अर्धा डबा संपवायचे. आणि ग्यानोबामामा! मामा क्लासचे शिपाई. माणूस सोन्यासारखा, पण तास संपला की फळ्याचे डस्टर घेऊन ऑफिसात यायचे आणि झटकायला नेमकी जागा निवडायचे ती आमचा डबा. धप्, धप्, धप्! माझ्या तोंडासमोर. मी इमानाने सगळं आत ओढत होतो. ओढणं हेच तर माझं काम. त्या वर्षी लातुरातल्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त रसायनशास्त्र माझ्या पोटात गेलं असेल.

दिवाळीनंतर संगणक मधेच आपोआप बंद पडू लागला. सिंधुने चाळीस प्रश्न टाइप करावेत आणि पडदा काळा व्हावा. सरांनी नांदेडहून देविदासला बोलावलं. तो आला, चहा प्याला, डबा न उघडताच म्हणाला, "सर, व्हायरस हाय."

"म्हणजे? कशानं होतो?"

"बाहेरून येतोय," देविदास म्हणाला आणि परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात चप्पल घालून यायला बंदी झाली. सिंधुने तोंडाला रुमाल बांधून टाइप करावं असा हुकूम निघाला. ग्यानोबामामांना राहवलं नाही. ते कुठून तरी लोबान घेऊन आले आणि आमच्या डब्याभोवती तीन दिवस धुरी देत राहिले. "कसला बी व्हायरस असू दे, ह्या वासानं टिकत न्हाई," ते म्हणायचे. व्हायरस नव्हताच. टिकत नव्हतो तो मी. तो चिकट धूर पातींवर बसला आणि त्यावर खडूचे थर चढले. एक पातं जड, एक हलकं. मी तोल जाऊन थरथरू लागलो, आणि धरायला स्क्रू तर दोनच.

मग तो गुरुवार उजाडला. हॉलमध्ये दोनशे मुलं सराव परीक्षेला बसलेली. सर फळ्याशी उभे. सिंधु ऑफिसात रविवारच्या मोठ्या परीक्षेचा पेपर टाइप करत होती. तिची आई रत्नम्मा तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि जमिनीवर टेकली होती. रत्नम्माची पिठाची गिरणी होती. तिच्या भुवयांवरसुद्धा पीठ असायचं.

अचानक माझा एक स्क्रू निसटला.

मी उरलेल्या एकावर लोंबकळत फिरू लागलो. घर्रर्र, खडखडखड! डब्याचा पत्रा थरथरला, पत्र्याने प्लायवूड थरथरवलं, आणि पलीकडच्या ढाली नि कप एका सुरात नाचू लागले. मधला चांदीच्या रंगाचा मोठा कप फळीवरून खाली पडला.

मित्रांनो, ही गोष्ट दुसऱ्या गावात घडली असती तर लोकांनी मान वळवून बघितलं असतं. पण हे लातूर होतं. मोठ्या भूकंपाला नऊ वर्षं झाली होती. हॉलमधल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी तो लहानपणी पाहिला होता. कुणी ओरडलं नाही. सगळ्या बाकांचा एकदम आवाज झाला. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात खडू, पायात चप्पल नाही, असे दारातून सुसाट बाहेर पडले ते बसलिंगप्पा सर. दर महिन्याला "घाबरायचं नाही, रांगेत बाहेर पडायचं" असं शिकवणारे सर रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाकड्यापाशी जाऊन थांबले.

सिंधुही उठली होती. ती दाराकडे वळली होती. रत्नम्माने बसल्या जागेवरूनच तिचा हात धरला.

"बस, सिंधु. भूकंप न्हाई हा."

"अव्वा, चल बाहेर!"

"माझं ऐक. भूकंपाचा आवाज कानात येत न्हाई, पायातून येतोय. बघ, फरशीला हात लाव." तिने स्वतःचा तळहात फरशीवर टेकवला. मोठ्या भूकंपाच्या पहाटे औशाकडच्या गावात तिचं घर गेलं होतं आणि घराबरोबर तिची सासूही. त्यानंतरच ती लेकीला घेऊन लातूरला आली होती. "जमीन गप हाय. तुझं हे डबडंच हलून राहिलंय."

तिने हात लांबवून भिंतीतलं बटण बंद केलं. मी थांबलो. ढाली थांबल्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दहा मिनिटांनी सर आत आले. कुणाला काही लागलं नव्हतं, एका मुलीचा फक्त पाय मुरगळला होता. पण बाहेर मुलं कुजबुजत होती आणि मधूनच हसत होती. सरांचे कान लाल झाले होते.

"हा डबा बंद," ते म्हणाले. "रविवारचा पेपर मी हातानं लिहितो. सिंधु, सोमवारपासून येऊ नको."

सिंधु उलट बोलणारी नव्हती. बोलली ती रत्नम्मा.

"सर, यंत्र खराब झालं म्हणून माणसाला घालवता होय? गिरणी अडली की मी गिरणी उघडते. तुम्ही हे उघडून बघितलं का?"

उघडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शनिवार संध्याकाळपर्यंत थांबतो," सर शेवटी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मागच्या अंगणात आम्हाला उघडलं. झाकण निघाल्यावर ग्यानोबामामा दोन पावलं मागे सरले. आत करड्या रंगाची गोधडीच अंथरलेली होती. सिंधुने रंगाच्या कोऱ्या ब्रशने एकेक पातं झाडलं, चिंधी ओली करून लोबानाचा थर पुसला, माझ्या पाठीवरचा कागद हलकेच उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. निघालेली धूळ मोठ्या वाटीत मावेना. मामांनी ती वाटी हातात धरली आणि हळू आवाजात विचारलं, "ह्यातली माझी किती असंल गं?"

"अर्धी, मामा," सिंधु म्हणाली. रडता रडता हसली ती तेव्हा.

चार स्क्रू लावून मला बसवलं. पण धूळ पुन्हा येणार होतीच. प्रायश्चित्त म्हणून मामांनी आपल्या जाडजूड टॉवेलचे दोन तुकडे फाडले आणि माझ्या नि भावाच्या तोंडावर करकचून बांधले. त्यांची भावना मला कळत होती, पण मित्रांनो, श्वास येत नव्हता. मी पूर्ण जोर लावून फिरलो, हवा काही हलली नाही. अर्ध्या तासात संगणक तापून बंद पडला.

"मामा, गिरणीत पीठ पडतंय तिथं मी कापडाची बाही बांधते, ती बघितली का?" रत्नम्मा म्हणाली. "तिथं टॉवेल बांधला तर पीठ जळून जाईल. हवा जायला पाह्यजे, पीठ जायला न्हाई पाह्यजे. एवढाच खेळ हाय सगळा."

तिने दोन्ही टॉवेल सोडले, संगणक पुन्हा सुरू करायला लावला आणि एक उदबत्ती पेटवली. मामा म्हणाले, "मी लोबान दिला तर ते वाईट, आन् आता तुम्हीच..." तिने लक्ष दिलं नाही. उदबत्ती भावापाशी धरली तर धूर दूर पळाला. माझ्यापाशी धरली तर धूर सरळ माझ्यात शिरला.

"हा खाणारा," ती म्हणाली, "आन् तो थुंकणारा. जाळी खाणाऱ्याच्या तोंडाला लागती. थुंकणाऱ्याचं तोंड बांधून काय उपयोग?"

दुपारी ती गिरणीतून मैदा चाळायच्या जुन्या चाळणीची नायलॉनची जाळी घेऊन आली. इतकी बारीक की उजेडात धरली तर जेमतेम भोकं दिसावीत. सिंधुने वहीच्या पुठ्ठ्याची चौकट कापली, जाळी ताणून चिकटवली, आणि फाटक्या दप्तराची ती चरचर आवाज करणारी पट्टी चारी बाजूंनी लावली. आता जाळी हवी तेव्हा काढता यायची, हवी तेव्हा बसवता यायची. डब्याला पुढे एक रिकामी फट होती, तीही तिने पुठ्ठ्याने बुजवली, नाहीतर हवा जाळी टाळून तिथूनच आत शिरली असती.

त्या जाळीतून मी पहिला श्वास घेतला तेव्हा मला कळलं की हवेला स्वतःची चव नसते. इतके दिवस मी खडूलाच हवा समजत होतो.

शनिवारी सकाळी सिंधु टाइप करायला बसली. सर प्लायवूडच्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले, जणू भिंतीला ताप आहे. एक तास गेला, दोन गेले. चाळीसावा प्रश्न झाला, ऐंशीवा झाला. मी फिरत होतो, फक्त फिरत होतो. दुपारी शंभरावा प्रश्न संपला आणि छपाई सुरू झाली. शेवटचा कागद बाहेर आला तेव्हा सरांनी भिंतीवरचा हात काढला आणि बघितलं तर तळहाताला प्लायवूडचं पॉलिश लागलेलं.

"सोमवारी वेळेवर ये," ते सिंधुला म्हणाले. मग रत्नम्माकडे वळले. "अक्का, त्या दिवशी मी रागात बोललो. चुकलं माझं."

रविवारी परीक्षेआधी ते मुलांसमोर उभे राहिले. "गुरुवारी आपल्या इथे भूकंप झाला नाही," ते म्हणाले. "पंख्यात धूळ साठली होती. आणि सगळ्यात आधी पळालो तो मी. माझं गाव किल्लारीच्या बाजूचं, तो भूकंप मी पाहिलाय. कप पडल्याचा आवाज आला आणि मला तुम्ही दिसलाच नाहीत, हे खरं आहे. पुन्हा असं झालं तर मी दारात उभा राहीन, तुम्ही आधी जा."

कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरून त्या मुरगळलेल्या पायाच्या मुलीने विचारलं, "सर, मग रसवंतीवर कोण थांबणार?" आणि सगळा हॉल हसला, सरसुद्धा. प्लायवूड त्या हसण्याने हललं, पण ते माझ्यामुळे नव्हे, एवढं नमूद करतो.

त्यानंतर त्या डब्यात मी नऊ वर्षं काम केलं. भाऊ आधी गेला. त्याची मोटार जळाली. संगणक भंगारात निघाला तेव्हा सिंधुने मला सोडवून घेतलं. आज ती रेणापुरात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवते. मी तिच्या टेबलावर एका लाकडी ठोकळ्यावर उभा असतो आणि तारा जोडायला कथलाचा डाग देताना निघणारा धूर तिच्या डोळ्यांपासून दूर ओढतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, व्हायरस असंल." ती आधी पेचकस उचलते.

मित्रांनो, तुमच्याही घरी टेबलाखाली माझा कुणीतरी भाऊबंद गपचूप फिरत असेल. तो मागत काहीच नाही. महिन्यातून एकदा खाली वाका. त्याच्या तोंडावरची जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा आणि मगच बसवा. जाळीच नसेल तर एखादी बारीकशी लावून द्या, आणि ती लावताना तो खाणारा आहे की थुंकणारा एवढं बघून घ्या.

आणि जाळी ओली असताना घाई करू नका. बसलिंगप्पा सरांनी एकदा प्रेमाने स्वतःच्या हाताने धुतली आणि तशीच टपटपती लावली. त्यानंतर आठवडाभर मी जो आवाज काढत होतो, त्याला ग्यानोबामामा शिंक म्हणायचे. मामांनी मला काढा आणून दिला नाही, हे माझं नशीब.