मंचावरचं पिंप

कोल्डक्लफ गावचा 'ओल्ड शटल' पब बंद पडायला आला, तेव्हा तीनशे चाळीस जणांनी शेअर घेऊन तो वाचवला. त्या दिवसापासून तिथे तीनशे चाळीस मालक झाले आणि प्रत्येकाला बिअरमधलं सगळं कळायला लागलं. काही कळत नसलेली एकच बाई उरली: बावीस वर्षं तळघर सांभाळणारी हेस्टर मरगट्रॉइड.

तळघर सांभाळणं म्हणजे पिंपाला निजू देणं. आतली बिअर जिवंत असते. यीस्ट आपलं काम संपवून तळाशी बसायला दोन दिवस घेतं. त्याला बारा अंश तापमान लागतं आणि कुणी हात लावायचा नसतो. ही शेवटची गोष्ट मालकांना जमत नसे.

मालकांनी निवडलेल्या समितीचे अध्यक्ष क्रिस्पिन थ्वेट. ऑफिसात खुर्च्या कशा मांडाव्यात, याचे सल्ले त्यांनी आयुष्यभर विकले होते.

"लोकांची बिअर लोकांना दिसली पाहिजे," गुरुवारच्या सभेत ते म्हणाले. "रविवारी पिंप मंचावर ठेवू. बिअरच्या परीक्षकबाईही त्याच दिवशी येतायत."

"मंच पोकळ आहे," हेस्टर म्हणाली. "आणि रविवारी लाकडी बुटांचा नाच आहे."

"तुमचं नेहमीचंच रडगाणं, बाई."

"रडगाणं नाही, गाळ."

नऊ हात थ्वेटांच्या बाजूने वर गेले. हेस्टर सहकार्य करत नाही म्हणून तळघराची किल्लीही काढून घेतली. परीक्षकांनी मंचावरच्या बिअरला पसंती दिली, तर पुढे तळघर समितीच पाळीपाळीने सांभाळणार होती.

शुक्रवारी पिंप मंचावर चढलं. त्याला फुलंबिलं बांधली. रविवारी दुपारी पहिला ग्लास भरला, तो चक्क स्वच्छ निघाला. थ्वेटांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू यीस्टचा शोध त्यांनीच लावला होता.

मग फिडल आणि कॉन्सर्टिना वाजू लागली. आठ बायका लाकडी बूट घालून मंचावर चढल्या आणि फळ्या दणाणल्या. पिंपावरची लाकडी खुंटी ठेक्यात थरथरताना हेस्टरला दिसत होती. तीन नाच झाले. टाळ्या कडाडल्या. एवढ्यात परीक्षक मिस क्लेग आत आल्या.

त्यांनी मंचावरच्या पिंपातून भरलेला ग्लास खिडकीसमोर धरला. "ही कालव्यातून काढलीत का?"

"नैसर्गिक आहे," थ्वेट म्हणाले आणि त्यांनी अर्धा ग्लास घशाखाली उतरवला. अध्यक्ष प्यायले म्हटल्यावर समितीही प्यायली.

"भारदस्त आहे," एक जण मिशी पुसत म्हणाला.

"पोषकसुद्धा," दुसऱ्याने साथ दिली आणि हळूच पोटावर हात ठेवला.

समितीतला म्हातारा सेथ बॅराक्लफ हेस्टरकडे सरकला. "अगं, माझा हात धरू नकोस त्यात. मी खांदा खाजवत होतो."

"मग आठच गाढवं म्हणायची."

मिस क्लेग यांनी ग्लास ठेवला. "तळघरात काही आहे का?"

"आहे," हेस्टर म्हणाली. "गुरुवारी सकाळी मी तोटी ठोकलेलं पिंप. निजलंय अजून. किल्ली यांच्याकडे."

सगळा पब थ्वेटांचे खिसे पाहत राहिला. चौथ्या खिशात किल्ली सापडली.

"घ्या. तात्पुरती."

हेस्टरने हाताची घडी घातली. "तात्पुरती नको."

मिस क्लेग यांनी घड्याळ पाहिलं आणि कोटाची गुंडी लावली.

"बरं, बरं! कायमची!" थ्वेट म्हणाले.

हेस्टर खाली गेली आणि दोन ग्लास घेऊन आली. पिकल्या गव्हाच्या रंगाची बिअर इतकी नितळ होती, की पलीकडच्या मिस क्लेग यांच्या चष्म्याची काडी दिसत होती. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. दुसरा ग्लास हेस्टरने स्वतःच्या ओठाला लावला.

थ्वेटांनी रिकामा ग्लास पुढे केला. "आणि आमचं?"

"तुमचं मंचावर आहे ना," हेस्टर म्हणाली. "अजून साठेक ग्लास असतील. बहुमतानं वर चढवलंत, आता बहुमतानंच संपवा."