नळीतून येणारी देवी

दर मंगळवारी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरांत, माझ्या शेजाऱ्याच्या, नीलकंठच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्याच्या नऊ वर्षांच्या शकूच्या अंगात देवी येते म्हणे!

शकूला रक्ताचा कॅन्सर. औषधं देण्यासाठी डॉक्टरांनी तिच्या छातीतून मोठ्या शिरेत नळी बसवली होती. ती दर मंगळवारी औषधी पाण्यानं धुवायला तिची आई, हेमलतावहिनी, शिकल्या होत्या. तीन मंगळवार नथ्थू महाराज नावाचे भगत येत होते. नळीच्या तोंडाला भभूत, म्हणजे अंगाऱ्याची राख, लावायचे, ढोलक बडवायचे, आणि अर्ध्या तासात पोरगी थडथड कापू लागायची.

"मैया आ गई! अब कैंसर की क्या मजाल!" मैयाला एक नारळ पुरायचा, महाराजांना पाच.

"नीलकंठ, हा ताप आहे. हॉस्पिटलात ने."

"सात महिने नेऊनच राहिलो ना, अंबादासजी! पोरगी अर्धी झाली. इथं निदान देवी तरी येऊन राहिली." तो रडू लागला. मला राग आला आणि कीवही.

मी फॅक्टरीत तोफगोळ्यांचे फ्यूज तपासतो. बार फुसका निघाला की दोष शोधायला आम्ही एकच वस्तू बदलतो, बाकी सगळं तसंच ठेवतो. चौथ्या मंगळवारी महाराजांनी ढोलक घेण्याआधी नेहमीचा प्रश्न केला, "नली धुल गई?" आणि माझी ट्यूब पेटली.

"वहिनी, आज धुवू नका. तरी देवी आली तर मी लोटांगण घालतो."

"मैया शुद्ध रास्ते से ही आती है!" महाराज कडाडले. वहिनींनी पोरीकडे पाहिलं आणि सिरिंज खाली ठेवली.

तासभर ढोलक वाजलं. शकू शांत बसून होती. महाराज घामाघूम होऊन "किसी की नज़र लगी है" म्हणत उठले.

"म्हणजे भाऊजी, मीच माझ्या हातानं..." वहिनींनी शकूला उचललं.

तडक हॉस्पिटल गाठलं. नळीतून आणि हातातून घेतलेल्या, दोन्ही रक्तांत जंतू निघाले; नळीतल्यात ते आधी वाढले, म्हणजे मूळ नळीतच होतं. भभुतीनं नळीत घाण शिरली होती. औषधांनी शकूची प्रतिकारशक्ती आधीच संपलेली. नळी धुतली की जंतू थेट रक्तात जायचे आणि हुडहुडी भरायची. महाराजांनी त्या हुडहुडीची वेळ तेवढी हेरली होती.

नळी काढली. पाच दिवस नीलकंठ आयसीयूच्या दारातून हलला नाही. सहाव्या दिवशी शकू बोलली.

"काका, मला खूप थंडी वाजून राहिली होती. सगळे पाया पडून राहिले होते. रजई कोणीच नाही दिली."

बाबांनो, कापणाऱ्या लेकराच्या पाया पडू नका. त्याला पांघरूण घाला, ताप मोजा आणि त्याच पावली डॉक्टरकडे न्या.